जुना लॅपटॉप सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

लॅपटॉप सात-आठ वर्षांचा झाला, चालता चालता निळा पडदा दाखवून बंद पडायला लागला, की दुकानातून ठरलेलं उत्तर येतं: "विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारून देतो." फॉरमॅट मारल्यावर चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. जुन्या यंत्रात दुखणं बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतंच. पंख्यात साचलेली धूळ, थकलेली हार्ड डिस्क, सैल बसलेली रॅम, संपलेली बॅटरी किंवा भलताच चार्जर, यांतलं काहीतरी निघतं. फॉरमॅटने यातलं काहीही दुरुस्त होत नाही. डिस्क आधीच आचके देत असेल तर फॉरमॅट तिला पुरती संपवतो, आणि फोटो, हिशेब, मुलांची प्रोजेक्टं सगळं तिच्याबरोबर जातं.

हा लेख विंडोज १० किंवा ११ असलेल्या, साधारण २०१२ ते २०१८ च्या काळातल्या लॅपटॉपसाठी आहे. आधीची माहिती असायलाच हवी असं नाही. एक वही, एक पेन ड्राइव्ह, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर लागेल. एक नियम मात्र शेवटपर्यंत पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला, मग दोन दिवस वापरून पाहा. पंखा साफ केला, रॅम बदलली आणि विंडोजही नवं टाकलं, सगळं एकाच दुपारी, तर लॅपटॉप सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही. नाही सुधारला तर तुम्ही जिथे होतात तिथेच.

आधी फाइली बाहेर काढा

तपासणी नंतर. बंद पडणाऱ्या लॅपटॉपमधली डिस्क उद्या उघडेल याची खात्री नसते, म्हणून आजच बाहेरच्या डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्या. मधेच बंद पडतो म्हणून अख्खा फोल्डर एकदम ओढू नका. जे पुन्हा मिळणार नाही ते आधी घ्या: फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका, आपल्याकडे निम्मा संसार डेस्कटॉपवरच असतो. सिनेमे आणि गाणी सगळ्यात शेवटी.

"माझं सगळं डी ड्राइव्हला आहे, ते सेफ आहे" हा गैरसमज फार पसरलेला आहे. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज नवं टाकताना डी वाचतो हे खरं, पण डिस्कच गेली तर दोन्ही जातात.

लॅपटॉप पाच मिनिटंही टिकत नसेल तर डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. अडीच इंची डिस्कचं केसिंग कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतं. त्यापूर्वी एक पाहून ठेवा: सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ती डिस्क ४८ आकडी रिकव्हरी की मागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल तर ही की बहुधा त्या खात्यात साठवलेली असते. ती कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) काही बदललं तरीही हीच की मागितली जाऊ शकते.

बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

"हँग होतो" या दोन शब्दांत चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि चारींची वाट वेगळी आहे.

निळा पडदा, त्यावर उदास चेहरा आणि खाली इंग्रजी मजकूर येऊन लॅपटॉप पुन्हा सुरू होत असेल तर विंडोजला काहीतरी बिघडल्याचं कळलंय आणि तिने स्वतःहून गाडी थांबवली आहे. २०२५ च्या अपडेटपासून विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा दिसतो, उदास चेहराही गेला. यात स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, मिळतो, म्हणून तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात सोयीची तक्रार.

वायर खेचल्यासारखा क्षणात काळाठिक्कर होत असेल, ना सूचना ना आवाज, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेलेली आहे. उष्णता, बॅटरी, चार्जर, चार्जिंगची पिन, नाहीतर मदरबोर्ड.

चित्र गोठतं, माउस हलत नाही, गाणं चालू असेल तर एकच सूर अडकून वाजत राहतो: रॅम, ग्राफिक्स किंवा डिस्क. यात डिस्कचा दिवा सतत जळत असेल आणि दोन-तीन मिनिटांनी सगळं पुन्हा हलायला लागत असेल तर डिस्कवर संशय पक्का करा.

आणि फक्त ब्राउझर किंवा एखादं सॉफ्टवेअर बंद पडून बाकी सगळं चालत असेल तर तो या लेखाचा विषय नाही. ते सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका.

आता वही. दर वेळी बंद पडलं की एक ओळ लिहा: तारीख, वेळ, काय चालू होतं, चार्जर लावलेला होता का, लॅपटॉप टेबलावर होता की गादीवर, पंखा घोंघावत होता का. हे काम कंटाळवाणं आहे आणि बहुतेक लोक ते टाळतात, पण उत्तर अनेकदा इथेच सापडतं. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपबद्दल घरच्यांची तक्रार होती की तो "रात्रीच बंद पडतो". वही ठेवल्यावर कळलं की दिवसा तो डायनिंग टेबलावर असायचा आणि रात्री मुलगा तो रजईवर ठेवून सिनेमे पाहायचा. खालच्या जाळ्या रजईने बुजायच्या, बस्स.

लॅपटॉपने स्वतः काय लिहून ठेवलंय ते वाचा

विंडोज रोजनिशी ठेवते, आपण ती उघडत नाही. स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप करायला लागा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असा पर्याय वर येईल. त्यात दिवसवार तक्ता दिसतो आणि बिघाड झालेल्या दिवशी लाल गोळ्यात फुली असते. पहिली फुली कोणत्या तारखेची आहे ते शोधा, मग त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय नवं आलं ते त्याच तक्त्यात पाहा. एखादं अपडेट, ड्रायव्हर (वायफाय, ग्राफिक्ससारखे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) किंवा नवा अँटिव्हायरस तिथे दिसला आणि त्याआधी महिनोन्महिने फुली नसेल, तर तुम्ही नशीबवान. दुखणं सॉफ्टवेअरचं आहे. फुल्या आधी तुरळक आणि हळूहळू दाट होत गेल्या असतील तर काहीतरी झिजतंय.

याहून खोलात जायचं तर स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टम. इथे लाल खुणांची गर्दी पाहून घाबरू नका, निरोगी लॅपटॉपमध्येही ती असते. फक्त बंद पडण्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहा. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद जवळजवळ प्रत्येक वेळी सापडेल. लोक हा ४१ आकडा इंटरनेटवर शोधतात आणि भलत्याच उपायांच्या मागे लागतात. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, आणि ते तर आपल्याला माहीतच आहे. उपयोगी गोष्ट तिच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये आहे: 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोजला कोड लिहायलाही वेळ मिळालेला नाही, म्हणजे वीज, उष्णता किंवा पूर्ण गोठणं. 'डिस्क' नावाच्या स्रोताकडून ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी असतील तर डिस्कवरून वाचताना अडचण येतेय. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' दिसला तर प्रोसेसर किंवा बोर्डाच्या पातळीवरची चूक पकडली गेली आहे, सॉफ्टवेअर सहसा सुटलं.

निळा पडदा वाचायच्या आत जातो ही नेहमीची तक्रार. स्टार्टमध्ये 'ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज' शोधा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'खालचं सेटिंग्ज दाबा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. आता पडदा तुम्ही बटण दाबेपर्यंत थांबेल. मोबाइलने फोटो काढा आणि तळाचा स्टॉप कोड वहीत लिहा.

कोडचे अर्थ ढोबळमानाने असे. 'मेमरी मॅनेजमेंट' पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी रॅम पाहा. 'कर्नल डेटा इनपेज एरर' आणि 'अनएक्सपेक्टेड स्टोअर एक्सेप्शन' ही नावं डिस्ककडे बोट दाखवतात. 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' म्हणजे ग्राफिक्सने वेळेत उत्तर दिलं नाही, ड्रायव्हर तरी बिघडलाय नाहीतर चिप तापतेय. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' म्हणजे हार्डवेअर, आणि जुन्या लॅपटॉपमध्ये त्यातही उष्णता आधी. 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असेल तर त्याच पडद्यावर 'व्हॉट फेल्ड' पुढे फाइलचं नाव छापलेलं असतं, बरेचदा वायफायच्या ड्रायव्हरचं. दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर हीसुद्धा एक खूण आहे: रॅम किंवा वीजपुरवठा.

ब्लूस्क्रीनव्ह्यू हे छोटं फुकट साधन जुने कोड एकत्र दाखवतं. त्यात दर वेळी 'एनटीओएसकर्नल' नावाची फाइल गुलाबी रंगात दिसली म्हणून विंडोजला दोष देऊ नका. ते विंडोजचं गाभ्याचं अंग आहे. कुणीही गोंधळ घातला तरी कोसळताना तेच पुढे दिसतं.

उष्णता: पहिला संशयित

माझा हात सगळ्यात आधी इथे जातो, कारण जुन्या लॅपटॉपमध्ये ही इतकी सर्रास आढळणारी गोष्ट आहे आणि तिचा खर्च जवळजवळ शून्य. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि दोन आकडे लिहून घ्या. पहिला, लॅपटॉप सुरू करून काहीही न करता दहा मिनिटांनी. दुसरा, यूट्यूबवर मोठ्या दर्जाचा व्हिडिओ आणि सोबत आठ-दहा टॅब उघडून वीस मिनिटांनी. नुसता बसलेला असताना ४० ते ५५ अंश ठीक. काम करताना ८० ते ८५ पर्यंत गेला तरी जुन्या लॅपटॉपला चालतं. ९५ च्या वर सरकत असेल तर उत्तर सापडलं समजा. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० ते १०५ अंशांच्या घरात असते. तिथे पोचला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून लॅपटॉप मंद वाटतो. तरीही ताप उतरला नाही तर स्वतःला वाचवायला वीज तोडतो. तोच तो क्षणात काळा होणारा पडदा.

आपल्याकडच्या हवेचा हिशेबही धरा. अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे एप्रिल-मे महिन्यांत खोलीतली हवाच ४० अंशांवर असते. पंखा हीच हवा आत ओढतो. जो लॅपटॉप जानेवारीत गुण्यागोविंदाने चालतो तो मे महिन्यात दुपारी बंद पडला तर लगेच विंडोजवर खापर फोडू नका.

साफसफाई अशी करा. लॅपटॉप बंद करा. इथे एक मेख आहे: विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' पूर्ण बंद करतच नाही, अर्धवट झोपवतो. शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन'वर क्लिक केलं की खरोखर बंद होतो. मग चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. आता स्क्रू. लॅपटॉपचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर वरच्या बाजूला कीबोर्डमधून टोक निघतं किंवा बोर्डाला भोक पडतं. म्हणून एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचा आराखडा काढा आणि प्रत्येक स्क्रू निघाला त्या जागी पुठ्ठ्यातच टोचून ठेवा. सगळे काढूनही झाकण निघत नसेल तर जोर लावू नका. रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या खाचेत हमखास एक-दोन लपलेले असतात. झाकणाच्या कडेला जुनं एटीएम कार्ड सरकवत न्या, टक-टक आवाज करत खुट्ट्या सुटतात. आत शिरल्यावर बॅटरी आतच बसवलेली असेल तर तिची वायर बोर्डावरून सगळ्यात आधी काढा.

पंखा दिसेल, त्याच्या तोंडाशी तांब्याच्या नळीला जोडलेली पातळ पत्र्यांची जाळी असेल. नवखे लोक पात्यांवरची धूळ पुसतात आणि झाकण लावतात. खरा अडथळा पंखा आणि ती जाळी यांच्या मधे असतो, आणि पंख्याचे दोन-तीन स्क्रू काढून तो उचलल्याशिवाय दिसत नाही. उचलला की गादीतला जुना कापूस वाटावा अशी राखाडी पट्टी निघते, चिमटीत धरून सलग ओढता येते. बाहेरून ब्लोअर मारण्याने ही पट्टी निघत नाही, उलट आणखी घट्ट बसते. पंख्यावर हवा मारताना पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

जाळी साफ करूनही तापमान उतरलं नाही तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) सुकलेली असणार. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या त्या तांब्याच्या नळीच्या, म्हणजे हीटसिंकच्या, स्क्रूजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, लावताना सरळ क्रमाने. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. हात थरथरत असेल तर हे एवढं काम दुकानात करून घ्या. पंखाच खडखडत असेल किंवा फिरतच नसेल तर मॉडेल नंबर सांगून नवा मागवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन जुन्या मॉडेलचे पंखे मिळतात.

डिस्क

क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती हे सॉफ्टवेअर दाखवतं. वर निळ्या रंगात 'गुड' असेल तर पुढे चला. पिवळं 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' असेल तर खाली ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी पाहा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचताना अडलेल्या आणि निकालाची वाट पाहणाऱ्या जागा, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेल्या. उजवीकडचे आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीने लिहिलेले असतात, म्हणून मधे इंग्रजी अक्षरं दिसतील. त्यांचं गणित करत बसू नका. सगळी शून्यं नाहीत एवढं दिसलं तरी पुरे. आकडा आठवड्यात वाढला तर डिस्क बदलायचीच.

आणि एक कळकळीची सूचना. कॉशन दिसल्यावर इंटरनेटवर वाचून 'चेक डिस्क' चालवू नका. ते साधन डिस्कचा कानाकोपरा खरवडतं, आणि आजारी डिस्क त्या ताणानेच अनेकदा दम तोडते. आधी फाइली बाहेर, मग काय ते प्रयोग.

जुन्या लॅपटॉपमधली फिरती डिस्क काढून तिथे अडीच इंची साटा एसएसडी (चिपवर चालणारी, न फिरणारी डिस्क) बसवणं हा पैसे वसूल होणारा बदल आहे. डिस्क 'गुड' असली तरीसुद्धा. जागा तीच, जोडणी तीच, चार स्क्रूचं काम. त्यासोबत विंडोज स्वच्छ बसवायला हरकत नाही, कारण जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटात राहते. डिस्क ठणठणीत असेल पण सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर आधी पंधरा-वीस जीबी जागा मोकळी करा. विंडोजला स्वतःच्या उलाढालीला जागा लागते, ती न मिळाल्यानेही गोठणं आणि अर्धवट अपडेटं होतात.

रॅम

स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा आणि चालवा. लॅपटॉप पुन्हा सुरू होऊन तपासणी करतो. यात चूक निघाली तर ती खरी, पण काही निघालं नाही म्हणजे रॅम निर्दोष असं नाही. पक्की खात्री हवी तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर चालू ठेवा. लाल ओळ एक आली तरी नापास, इथे काठावर पास होणं नसतं.

दोन पट्ट्या असतील तर एक काढून दोन दिवस वापरा, मग अदलाबदल करा. पट्टी काढल्यावर तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने हलके घासून, भुकटी पूर्ण झटकून परत बसवा. दमट हवेत, विशेषतः कोकणात, नुसत्या एवढ्याने बरे झालेले लॅपटॉप पाहिले आहेत. बॅटरी सुटी केल्याशिवाय आणि आधी एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवल्याशिवाय रॅमला हात लावू नका.

त्रास रॅम वाढवल्यानंतर सुरू झालाय का, हे आठवा. २०१३ ते २०१६ च्या सुमाराच्या पुष्कळ लॅपटॉपना डीडीआर३एल रॅम लागते, ती १.३५ व्होल्टवर चालते. जुनी साधी डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात. दिसायला दोन्ही सारख्याच, खाचेत बसतातही. पण अशा लॅपटॉपमध्ये साधी घातली तर तो सुरूच होत नाही किंवा मधेच कोसळतो. पट्टीवरच्या लेबलावर 'पीसी३एल' आहे ना ते वाचा, फक्त 'पीसी३' नको.

बॅटरी आणि चार्जर

बॅटरी निघणारी असेल तर ती काढून फक्त चार्जरवर एक दिवस चालवा, दुसऱ्या दिवशी उलट करा. एका बाजूला त्रास थांबला तर चोर सापडला. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगत असेल तर बॅटरी फुगलेली आहे. चार्जर काढा, वापर थांबवा, ती दाबू किंवा टोचू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. दुकानात किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

चार्जरच्या मागचे व्होल्ट आणि वॅट लॅपटॉपच्या लेबलाशी जुळवा. ६५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा लावला की साधं काम चालतं, पण जोर पडला की कोसळतो. पिन हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकत असेल तर जॅक सैल झालाय. आणि भिंतीतलं सॉकेटही तपासा, ढिल्या सॉकेटमुळे लॅपटॉपला औषधपाणी करणारे लोक आहेत. पत्र्याच्या भागाला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग पाहायला इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मग सॉफ्टवेअर

इथवर काही सापडलं नाही तर आता विंडोजची पाळी. आधी एक चाचणी करा. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) पेन ड्राइव्हवर घालून लॅपटॉप त्यावरून सुरू करा, काहीही इन्स्टॉल न करता. त्यात तीन-चार तास व्हिडिओ चालवा. तरीही बंद पडला तर विंडोज निर्दोष आहे, हार्डवेअरकडे परत जा. नाही पडला तर दोष विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये आहे. डिस्कमध्येही म्हणायचं कारण, पेन ड्राइव्हवरून चालताना आतली डिस्क वापरलीच जात नाही.

विंडोजवर संशय असेल तर शिफ्ट दाबून 'रीस्टार्ट' करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि मग सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेच्या ड्रायव्हरवर चालणारं विंडोज. तिथे तासन्तास टिकत असेल तर एखादा ड्रायव्हर किंवा सुरुवातीला आपोआप उघडणारं सॉफ्टवेअर त्रास देतंय. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची जाहिरातीतली सॉफ्टवेअरं लांबच ठेवा, ती भलतेच ड्रायव्हर घुसडतात. विंडोज क्रॅक करणाऱ्या ॲक्टिव्हेटरबद्दलही तेच. डीटीपीवाल्यांनी जुन्या मराठी पॅकेजच्या डोंगलचा ड्रायव्हर एकदा काढून पाहावा, विंडोज ७ च्या काळातले असे ड्रायव्हर नव्या विंडोजशी भांडतात.

विंडोजच्या फाइली दुरुस्त करायची दोन साधनं तिच्यातच आहेत, डीआयएसएम आणि एसएफसी. दोन्हींच्या आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर तयार मिळतात. 'कमांड प्रॉम्प्ट' राइट क्लिकने ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि आधी डीआयएसएम, नंतर एसएफसी या क्रमाने चिकटवा. अर्धा तास वीस टक्क्यांवर थांबल्यासारखं दिसेल, हात लावू नका.

हे सगळं करून त्रास उरला तरच फॉरमॅट. तो करताना एवढं ध्यानात घ्या की विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचाच प्रोसेसर चालतो. त्याहून जुन्या लॅपटॉपवर आडमार्गाने ११ बसवून देणारे भेटतील. बँकेचं काम करत असाल तर मी तो मार्ग सुचवणार नाही. ब्राउझर, मेल, व्हिडिओ आणि मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट एसएसडीवर छान चालतं.

दुकानात जायची वेळ आली तर

वही बरोबर न्या. "हँग होतो" एवढंच सांगितलं की फॉरमॅट मिळतो. "जोर पडल्यावर ९८ अंशांना जाऊन बंद पडतो" किंवा "सी५ मध्ये आकडा वाढतोय" असं सांगितलं की बोलणं बदलतं. जॉब शीटवर 'डेटा पुसू नये' असं लिहून घ्या. बदललेला सुटा भाग परत मागा, तो तुमचाच आहे. विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही हेही बजावा.

मदरबोर्ड गेल्याचं निदान झालं तर दुसऱ्या एका ठिकाणी दाखवा. ग्राफिक्स चिपला गरम हवा मारून 'रिपेअर' करून देतो म्हणणाऱ्यांचं काम अनेकदा काही आठवडेच टिकतं. दहा वर्षं जुन्या लॅपटॉपच्या बोर्डावर पैसे घालणं मला पटत नाही. अशा वेळी एसएसडी आणि रॅम काढून घ्या. एसएसडी केसिंगमध्ये घातली की बॅकअपची डिस्क तयार होते, रॅमची पट्टी त्याच जातीच्या दुसऱ्या लॅपटॉपला लागते. उरलेला सांगाडा भंगारवाल्याला देण्यापूर्वी आतली बॅटरी काढून वेगळी द्या.